तर्री तेलात धरली नव्हती

"मावशी, खरं सांगा. बाबांच्या भाजीत किती तेल घालता?"

अर्चनाताईंनी रक्ताचा रिपोर्ट ओट्यावर ठेवला होता. त्यांच्या बाजूला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडम वही उघडून उभ्या होत्या. शोभाताई, म्हणजे आमच्या मेसच्या मालकीणबाई, पदराला हात पुसत माझ्याकडे बघत होत्या. आणि दारात, चप्पल न काढता, तायडे साहेब उभे होते. हा सगळा खटाटोप त्यांच्याच भाजीचा होता.

"दोन चमचे," मी म्हटलं. "सकाळच्या डब्यात दोन, संध्याकाळच्या डब्यात दोन."

मॅडमनी चमचा दाखवा म्हटलं. मी दाखवला. त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी दिलेला पांढरा प्लास्टिकचा मापाचा चमचा होता. मग त्या म्हणाल्या, माझ्यासमोर भाजी करा. मी छोटी कढई चढवली, दोन चमचे तेल मोजून घातलं, मोहरी तडतडली, दोडका टाकला. मॅडम मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगदी बरोबर करताय."

मी खोटं बोलले नव्हते. हे मी आजही म्हणू शकते, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

मी अकोल्यात या मेसमध्ये अकरा वर्षं स्वयंपाक करते. पंचेचाळीस डबे बाहेर जातात, पंधरा-वीस माणसं बसून जेवतात. माझं शिक्षण चौथी. वाचता येतं, लिहिता येतं, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते. म्हणून जे सांगायचं राहिलं ते या वहीत लिहिते आहे.

तायडे साहेब बस स्टँडवर कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, किती वाजता सुटणार, हे भोंग्यावरून सांगणारा माणूस. माझं माहेर हिवरखेडचं. लग्नानंतर पंचवीस वर्षं मी माहेरी गेले ती त्यांच्या आवाजावर. चेहरा कधी पाहिला नव्हता. "अकोटमार्गे हिवरखेडला जाणारी गाडी चाळीस मिनिटं लेट आहे. ताटकळत उभं राहू नका, चहा घ्या." असं सांगणारा कंट्रोलर मी दुसरा ऐकला नाही. बाकीचे गप्प बसायचे आणि लोक उन्हात फलाटावर उभे राहायचे.

पुढे त्यांची बायको वारली आणि ते आमच्याकडे डबा लावायला आले. "डबा साडेअकराले पाह्यजे," एवढं एकच वाक्य बोलले, आणि मी आवाज ओळखला. त्यांचं घर माझ्या घराच्या वाटेवर होतं, म्हणून त्यांचा डबा मीच नेऊन द्यायची. एकदा धीर करून मी विचारलं होतं, "साहेब, तुमी गाडी लेट आहे म्हणून सांगत होते, तं लोकं भांडायले येत नव्हते काय?"

ते हसले. "येत होते ना. पण बाई, गाडी लेट झाली तं लोकं माफ करते. सांगतलं नाई तं करत नाई. उभे राहते ना ते."

ते वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं.

त्यांना साखर आधीच होती. मागच्या दिवाळीनंतर रक्त तपासलं तर चरबीही वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तवाहिन्यांत चरबी बसते आहे, तेल कमी करा. दिवसाला चार छोटे चमचे, त्यावर थेंब नाही. अर्चनाताई त्यांची एकुलती एक मुलगी. अमरावतीला असतात, नोकरी करतात, नवरा, दोन मुलं, लिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या माळ्यावर फ्लॅट. त्यांना वडिलांची काळजी. त्यांनी सरळ सांगितलं, "बाबा, तीन महिने देते. रिपोर्ट सुधारला तर तुम्ही अकोल्यात राहा. नाही सुधारला तर माझ्याकडे चला. मग वाद घालायचा नाही."

साहेब म्हणाले, "मंजूर. मी शब्द दिला."

अकोला सोडणं म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं. रोज पाच वाजता ते पायी स्टँडवर जायचे. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेले तीन-चार म्हातारे जमायचे. कोणती गाडी वेळेवर आली, कोणती आली नाही, यावर तासभर वाद घालायचे. चहा प्यायचे, परत यायचे. डॉक्टरांनी सांगितल्यावर समोरच्या गाडीवरचे पोहे त्यांनी त्याच दिवशी बंद केले. घरात बायकोची तुळस होती, तिला पाणी घालायचं काम होतं. तिसऱ्या माळ्यावर यातलं काहीच नेता येणार नव्हतं.

म्हणून तो डबा मी मनापासून करायची. वेगळी कढई, वेगळा चमचा, वेगळं तेल. तेलाची पिशवी अर्चनाताईंनी आणून दिली होती, सोयाबीनचंच रिफाइंड, पण त्यावर लाल हृदय काढलेलं होतं. आमच्या मेसला पंधरा किलोचा पिपा यायचा, तोही सोयाबीनचाच. त्यावर हृदय नव्हतं, एवढाच फरक. शोभाताई ती पिशवी हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "हे हार्टचं तेल दिसते व. हे खाल्लं तं औषधच खाल्लं म्हणा."

आता तर्रीबद्दल सांगते. आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला कळणार नाही. रस्सा शिजला की मसाल्याचा लाल रंग घेऊन तेल वर येतं. ती तर्री. वऱ्हाडात भाजी चांगली झाली की नाही हे माणूस चाखून नाही, बघून ठरवतो. वर तर्री नसेल तर म्हणेल, ही काय दवाखान्यातली भाजी आहे काय.

मेसमध्ये तर्रीची एक रीत असते. मोठ्या पातेल्यातल्या रश्श्यावरची तर्री पळीने काढून एका स्टीलच्या डब्यात ठेवायची. डबा शेगडीच्या कडेला गरम राहतो. वाढताना किंवा डबे भरताना प्रत्येक भाजीवर त्यातली थोडी तर्री सोडायची, मग झाकण. भाजी पातळ झाली असो, फिकी झाली असो, वरून एकसारखी दिसते. उरलेल्या तर्रीत दुसऱ्या दिवशीची नवी तर्री मिसळते. तो डबा कधी पूर्ण रिकामा होत नाही. मी आले तेव्हा जुन्या स्वयंपाकीणबाईंनी मला सांगितलं होतं, हा डबा घासायचा नाही, जुन्या तर्रीनेच नव्या भाजीला चव येते. मी अकरा वर्षं तो घासला नव्हता.

साहेबांच्या डब्यात मी पहिले आठ-दहा दिवस तर्री घातली नाही. घालायची नाही असं ठरवून नव्हे. त्यांची कढई वेगळी म्हणून त्यांचा डबाही वेगळा ठेवलेला असायचा, शेगडीपासून लांब. पण डबा परत यायचा तो अर्धा भरलेला. भाजी तशीच. स्वयंपाक करणाऱ्या बाईला डबा भरलेला परत येण्यासारखी दुसरी शरम नाही.

एक दिवस साहेब म्हणाले, "बाई, भाजी चांगली असते. पण माहा घास खाली उतरत नाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा शेगडीजवळ आणला आणि भाजीवर अर्धी पळी तर्री सोडली. मला वाटलं, मसाला आहे, जरा चव येईल. तेल तर मी मोजून दोनच चमचे घातलं होतं.

हे वाचून कोणाला हसू येईल. तर्री तेलच असते, एवढं स्वयंपाकाच्या बाईला कळू नये? पण आमच्या कामात तेल म्हणजे पिप्यातलं, पिवळं, कच्चं. शोभाताई विचारायच्या, आज तेल किती लागलं, तर मी पिप्यातून किती निघालं ते सांगायची. तर्री एकदा पातेल्यातून वर आली की ती तेल राहत नव्हती, ती भाजी झाली. तिचा हिशोब आधीच होऊन गेलेला असायचा. माझा हातच तसा वळला होता.

डबा लख्ख होऊन परत यायला लागला. मला इतकं बरं वाटलं!

पहिल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये चरबी वाढलेली आली. डॉक्टरांनी आधीपासून चालू असलेल्या चरबीच्या गोळीचा जोर वाढवला. त्या मोठ्या गोळीने साहेबांचे पाय दुखायला लागले. पिंढऱ्या धरून बसायचे. स्टँडपर्यंत चालवेना, म्हणून पाचचं जाणं एका दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा. अर्चनाताईंना वाटलं, स्टँडवर जाऊन पोहेच खात असतील. एकदा त्या अमरावतीहून आल्या त्या थेट पोह्याच्या गाडीवर गेल्या आणि चार लोकांसमोर त्या माणसाला बोलल्या, "पेशंटला तेलकट विकता, लाज नाही वाटत?" तो बिचारा म्हणाला, "ताई, साहेबांनं दिवाळीपासून माह्या हातचं काई खाल्लं नाई." त्यांनी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या महिन्याचा रिपोर्ट त्याहून वाईट. त्याच दिवशी त्या मॅडमना घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या. सुरुवातीला सांगितलं ते तेव्हाचं.

माझी तपासणी झाल्यावर मॅडमनी वही मिटली आणि अर्चनाताईंना हळूच म्हणाल्या, "एवढ्या तेलात असा रिपोर्ट येत नाही. बाहेर काहीतरी खातच असतील."

साहेबांनी ऐकलं. "मी बाहेर काई खात नाई."

"बाबा, मग हे आकडे काय आकाशातून पडले?"

"मले काय माहीत. मी खोटं बोलत नाई."

"सगळे पेशंट असंच म्हणतात, काका," मॅडम म्हणाल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या, पण म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जसं कोणी साक्षीदाराकडे पाहतं तसं. मी खाली मान घालून दोडका हलवत राहिले. मग ते वळले आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरून गेले.

मला ती नजर सुटेना. ज्या माणसाने आयुष्यभर गाडी लेट आहे हे सुद्धा लपवलं नाही, तो पोह्याच्या एका प्लेटसाठी खोटं बोलेल का? नाही. मग बाहेरचं नाही, तर आतलं. आतलं म्हणजे माझ्या हातचं. मी मनातल्या मनात डबा परत भरून पाहिला. पोळीला तेल नाही. वरणाला फोडणी नाही. भाजीत दोन चमचे. मग झाकण. आणि झाकणाच्या आधी?

दुपारी जेवणं आटोपल्यावर मी अर्धी पळी तर्री, जेवढी त्यांना घालायची तेवढीच, एका काचेच्या ग्लासात ओतली आणि फळीवर ठेवून दिली. सकाळी येऊन पाहिलं. मसाला खाली बसला होता, बोटाच्या पेराएवढाही नाही. वर सगळं तेल. लाल, पण आरपार दिसणारं. मी मॅडमचा पांढरा चमचा घेतला आणि ते तेल एका वाटीत मोजून काढलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

दोन चमचे मी मोजून घालत होते आणि पाच न मोजता. दोन्ही वेळेला.

आणि तेल तरी कोणतं? हृदयाच्या पिशवीतलं नव्हेच. पिप्यातलं, आणि कालचं, परवाचं, कधीचं कोण जाणे. रोज शेगडीच्या कडेला तापलेलं. पुढे मी आमच्या वस्तीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना, दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून, विचारलं. त्या म्हणाल्या, "सोयाबीनचं तेल काही विष नाही. मापात असलं आणि ताजं असलं तर चालतं. पण कोणतंही तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडतं. तसलं तेल रोज पोटात जाणं रक्तवाहिन्यांना वाईट. पिशवीवर काय चित्र आहे ते तेल तापवल्यावर उरत नाही."

हे नंतरचं. त्या सकाळी मी वाटी घेऊन शोभाताईंकडे गेले.

"ताई, हे पाहा."

"काय हाये?"

"तर्रीतलं तेल. साहेबांच्या डब्यात मी हे रोज घालून राहिली होती."

शोभाताईंनी वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. "सुमन, तर्री तेल असते हे तुले आज समजलं व?"

"मॅडमनं विचारलं तेव्हा तुमी बी तं काई बोलल्या नाई."

त्यांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं, हे मला तोंडावर दिसलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पाह्य. उद्यापासून त्यांच्या डब्यात घालू नको. रिपोर्ट आपोआप उतरते. सांगायची काय गरज हाये? त्या पोरीनं पोहेवाल्याचं काय केलं पाह्यलं ना? उद्या इथं येऊन बोंबलली तं पंचेचाळीस डब्यांचं काय?"

"पण साहेबाले सगळे खोटं समजून राहिले."

"महिनाभर समजू दे. रिपोर्ट चांगला आला की आपोआप खरे होतीन."

बोलणं बरोबर वाटलं. मला न बोलण्याचं कारण हवंच होतं, ते त्यांनी दिलं. दोष त्यांना देत नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या डब्यात तर्री बंद. डबा पुन्हा अर्धा परत यायला लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी डबा देताना साहेब दारात खुर्ची टाकून बसले होते, पिंढरीला तेल चोळत.

"बाई, हात आखडला काहून?"

"नाई साहेब."

"मंग भाजी पयल्यासारखी का लागत नाई?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य. साहेब, भाजीवर मी तर्री घालत होती, ते तेल होतं, चूक माझी आहे. एवढंच. त्यांनी मला मारलं नसतं. बोललेही नसते कदाचित. फोन उचलून अर्चनाताईंना सांगितलं असतं, डॉक्टरांना कळलं असतं, मोठी गोळी लहान झाली असती, पाय मोकळे झाले असते. ते पाच वाजता स्टँडवर गेले असते आणि पोहेवाल्याशी मान वर करून बोलले असते.

मी म्हटलं, "दोडका जून होता."

ते म्हणाले, "अस्सं."

बाजूला तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. ते मी घातलं आणि निघाले. वाटेत मी स्वतःला सांगत होते, अजून वीस दिवस. रिपोर्ट येऊ दे.

रिपोर्टची वेळ आलीच नाही. पंधरा-सोळा दिवसांनी मी साडेअकराला डबा घेऊन गेले तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, सकाळी छातीत दुखायला लागलं, घामाने भिजले, इथल्या दवाखान्यातून लगेच अमरावतीला नेलं. मी डबा हातात धरून उभी राहिले. त्यात दोन चमच्यांची मेथी होती, मोजलेली.

ते वाचले. दोन ठिकाणी नळी अडली होती, तिथे जाळी बसवली. पण हृदयाचा काही भाग कायमचा अशक्त झाला. एकटं राहायचं नाही, जिने चढायचे नाहीत, लांब चालायचं नाही. अर्चनाताई महिन्याभराने घर आवरायला आल्या. भांडी दिली, कॉट दिली, घर भाड्याने दिलं. तुळस शेजारणीला. शोभाताईंना म्हणाल्या, "बाबा अजून कबूल करत नाहीत. काय खात होते देव जाणे. आता मीच विचारायचं सोडलं." मी मागे पोळ्या लाटत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

हे सगळं त्या तर्रीनेच झालं असं कोणी डॉक्टर म्हणणार नाही. एकाहत्तर वर्षांचं शरीर, जुनी साखर, नोकरीत तीस वर्षं अवेळी जेवण. नळी दोन महिन्यांत अडत नाही. पण त्या दोन महिन्यांत ती मोकळी ठेवायची धडपड चालली होती, आणि मी दिवसाला दहा चमचे वरून ओतत होते. शिवाय रिपोर्टचं काही असो, तो माणूस खरं बोलत होता आणि हे पृथ्वीवर फक्त दोन बायकांना माहीत होतं.

मी अजून दोन महिने काढले. मग एका रविवारी शोभाताईंना सुट्टी मागितली.

"कुठं चालली?"

"अमरावतीले."

त्यांनी विचारलं नाही कोणाकडे. फक्त म्हणाल्या, "मेसचं नाव आलं तं येऊ दे. जाय."

सकाळी दहाची गाडी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत मी वाक्य पाठ करत होते. फ्लॅटवर अर्चनाताईंनी दार उघडलं. "अहो मावशी! या, या." साहेब गॅलरीत खुर्चीवर होते, फार बारीक झालेले. खाली रस्ता दिसत होता, त्याकडे बघत होते. मला बघून हसले. "अकोल्याची बातमी काय बाई? हिवरखेडची गाडी वेळेवर येते काय?"

पाठ केलेलं वाक्य सगळं गेलं. मी पिशवीतून पांढरा चमचा काढला आणि टेबलावर ठेवला. मग बोलले ते काय आणि कसं, मला नीट आठवत नाही. तर्री, अर्धी पळी, ग्लास, पाच चमचे, शोभाताई, जून दोडका. सगळं एका दमात, चमच्याकडे बघत.

आत मुलांचा टीव्ही चालू होता तो कोणीतरी बंद केला.

अर्चनाताई सोफ्याच्या कडेवर बसल्या. मला वाटलं ओरडतील. मी त्याच तयारीने आले होते. त्या म्हणाल्या, "त्या पोहेवाल्याला मी काय काय बोलले हो." मग उठून वडिलांजवळ गेल्या आणि खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "चहा टाक. बाई सकाळपासून निघालेली हाये."

त्या आत गेल्या. साहेब रस्त्याकडे बघतच म्हणाले, "चव चांगली होती तर्रीची."

मग ते माझ्याकडे वळले.

"चूक होते. म्या बी एकदा यवतमाळची गाडी वाशिमच्या फलाटावर लावाले सांगतली होती. पण बाई, त्या दिवशी दारात मी तुले विचारलं होतं."

"हो साहेब."

"तेव्हा सांगाले पाह्यजे होतं. मी बी तं फलाटावरच उभा होतो ना."

रागाने बोलले नाहीत. आपल्या कामातली एखादी गोष्ट नवीन माणसाला सांगावी तसे बोलले. रागावले असते तर मला बरं झालं असतं.

चहा झाला. बिनसाखरेचा होता, सगळ्यांना. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "परतीची गाडी कोणती?"

"जी मिळेल ती."

"पावणेचारची घे. तीनची कधीच वेळेवर लागत नाई."

पावणेचारची बरोबर पावणेचारला निघाली.

दुसऱ्या दिवशी मी तर्रीचा डबा घासला. पहिल्यांदाच. राख, साबण, गरम पाणी, तीनदा. तळाला काळा थर होता, तो सुरीने खरवडावा लागला. शोभाताई बघत होत्या. दोन-तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, चव बदलली काय. आता तर्री त्या दिवशीची त्याच दिवशी संपते, उरली तर टाकून देतो. अजूनही घालतो. वऱ्हाडात मेस चालवायची तर तर्रीशिवाय चालत नाही, आणि मी काही लोकांची जीभ बदलणार नाही. फक्त पथ्याचे डबे आता शेगडीच्या दुसऱ्या बाजूला भरले जातात, आणि मधे मी एक परात आडवी ठेवते. माझ्या हातावर मला भरवसा नाही.

या सगळ्यातून स्वयंपाकाचं म्हणून मी एवढंच शिकले की तेल पिप्यातून किती निघालं ते मोजून उपयोग नाही, ताटात किती पडलं ते मोजावं.

अर्चनाताई परत अकोल्याला आल्या होत्या, घराच्या भाड्याच्या कामाला. पोहेवाला सांगत होता, त्या गाडीवर आल्या, चार लोकांसमोर माफी मागितली आणि एक प्लेट खाल्ली. मेसमध्ये आल्या नाहीत. त्यांनी यावं अशी माझी अपेक्षाही नाही.

आता नवीन माणूस डबा लावायला आला की शोभाताई जेवणाच्या वेळा सांगतात आणि मग मला हाक मारतात. मी पदराला हात पुसत बाहेर येते. अनोळखी माणसासमोर बोलायला मला अजूनही जमत नाही, मान खालीच असते. पण एक वाक्य मी बोलते. "भाजीवर तर्री घालतो आमी. ते तेलच असते. नको असेल तं आताच सांगा."